नोकरी पारशिवनीत, तर बिऱ्हाडही पारशिवनीतच

पारशिवनीत नवे शिक्षक, तलाठी, परिचारिका किंवा बँकेतले कारकून रुजू झाले की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "सर, अपडाऊन करता की इथंच राहता?" उत्तरही बहुधा ठरलेलेच : "अपडाऊन. पोरांच्या शिक्षणाचं पाहा लागते ना."

हे उत्तर इतके रुळले आहे की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. नोकरीसाठी पारशिवनी आणि कुटुंबासाठी नागपूर, ही वाटणी शहाणपणाची समजली जाते. मला ती मान्य नाही. ज्यांची नोकरी पारशिवनीत आहे आणि ज्यांच्या घरात दहावीच्या आतले मूल आहे, त्यांनी बिऱ्हाड पारशिवनीतच करावे, आणि तेही त्या मुलासाठी करावे, असे माझे ठाम मत आहे.

आधी पलीकडची बाजू पुरती मांडतो. नागपूर काही दूर नाही, पस्तीस-चाळीस किलोमीटरचा तर रस्ता. तिथे इंग्रजी माध्यमाच्या शाळा आहेत, शिकवणी वर्ग आहेत. मेडिकल आहे, एम्स आहे. फ्लॅट घेतला तर त्याची किंमत वाढते. पती-पत्नींपैकी एकाची नोकरी शहरात असू शकते. शिवाय आता मेट्रोही कन्हानकडे यायची आहे. यातला एकही मुद्दा खोटा नाही. प्रश्न एवढाच की त्यातून काढलेला निष्कर्ष टिकतो का.

शिक्षणापासून सुरुवात करू. घरातून निघून गाडीची वाट पाहणे, प्रवास, उतरून पुढे जाणे हे सगळे धरले तर जाण्यायेण्यात रोजचे अडीच तास सहज जातात. शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान 220 दिवस आणि 1000 तास अध्यापन व्हायला हवे. त्याच 220 दिवसांचे अडीच तास मोजले तर 550 तास होतात. म्हणजे मूल वर्षभरात जितका वेळ वर्गात शिकते, त्याच्या निम्म्याहून जास्त वेळ त्याची आई किंवा बाप रस्त्यावर घालवतो. हा वेळ कामातून कापला जात नाही, झोपेतूनही एका मर्यादेपलीकडे कापता येत नाही. तो मुलाच्या वाट्यातूनच जातो.

असा एक दिवस जवळून पाहा. उन्हाळ्यात शाळा सकाळची होते. सातला हजर व्हायचे तर शिक्षिका आई साडेपाचला घर सोडते, तेव्हा मूल झोपलेले असते. त्याचा डबा रात्रीच करून ठेवलेला, वेणी आजीने किंवा शेजारच्या काकूंनी घालायची, ऑटोत बसवून द्यायचे कामही त्यांचेच. हिवाळ्यात शाळा पाचला सुटली तरी घरी पोहोचेपर्यंत अंधार पडलेला असतो. मग कुकर, पोळ्या, उद्याची भाजी. दप्तर उघडून बसावे म्हटले तर मायलेकरांचे डोळे एकदमच मिटू लागतात. मग शिकवणी लावली जाते. मुलाचे शिक्षण म्हणून शहर निवडले आणि अभ्यास घ्यायला घरात माणूसच उरले नाही, तर त्या निवडीने साधले काय?

अकरावी-बारावीचा प्रश्न वेगळा आहे, हे मान्य करायलाच हवे. जेईई-नीटची तयारी करायची तर नागपूर गाठावे लागते. पण ती दोन वर्षे आली की तेव्हा खोली घ्यावी, वसतिगृह पाहावे, वाटल्यास बिऱ्हाड हलवावे. सतरा वर्षांच्या मुलाची गरज पुढे करून सहा वर्षांच्या लेकरापासून आईबाप दूर ठेवणे कोणत्याच हिशेबात बसत नाही. आणखी एक गोष्ट मी मनापासून सांगतो. इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा केसरीमल पालीवाल विद्यालयासारख्या गावातल्या शाळेत जे शिकवतात, त्यांची स्वतःची मुले त्याच गावात वाढली तर शाळेची गोष्ट त्यांच्या घरचीच होते. ज्या शाळेत गुरुजींचे मूल बसते, तिथे नळाला पाणी नाही हे दुसऱ्या दिवशी कोणाला सांगावे लागत नाही.

आता दवाखाना. मोठे दुखणे आले तर नागपूर, हे पारशिवनीत राहणाऱ्यालाही ठाऊक आहे आणि तो तिथेच जातो. पण लहान मुलांची बहुतेक दुखणी मोठी नसतात. दुपारी एक वाजता शाळेतून निरोप येतो की पोराला ताप आहे, उलटी झाली. अशा वेळी एम्स किती जवळ आहे यापेक्षा आई किती जवळ आहे हे मोलाचे असते. गावात ग्रामीण रुग्णालय आहे, खाजगी डॉक्टर आहेत, आणि आई पाच मिनिटांत पोहोचते. ज्या घरात एखाद्याचे उपचार कायम नागपूरच्या तज्ज्ञाकडे चालू आहेत, त्यांनी मात्र शहरात राहावे. तिथे माझा आग्रह नाही.

गुंतवणुकीचा मुद्दा तर दोन गोष्टींची सरमिसळ करतो. फ्लॅट घ्यायचा तर घ्यावा आणि भाड्याने द्यावा. तो घेतला म्हणून त्यात राहिलेच पाहिजे असे नाही. सरकारी नोकराचा घरभाडे भत्ता नोकरीच्या ठिकाणाच्या वर्गवारीवर ठरतो. तेव्हा भत्ता गावाचा, भाडे किंवा हप्ता शहराचा आणि वर पेट्रोल, अशी तिहेरी कात्री लागते. ब्रूनो फ्राय आणि अलॉइस स्टुट्झर या स्वित्झर्लंडच्या अर्थशास्त्रज्ञांनी जर्मनीतल्या लोकांची वर्षानुवर्षांची माहिती तपासली. चांगल्या पगारासाठी किंवा चांगल्या घरासाठी लांबचा प्रवास पत्करणाऱ्यांचे समाधान त्या बदल्यात भरून निघत नाही, उलट कमीच राहते, असे त्यांनी 2008 साली दाखवून दिले. लांबच्या घराचा फायदा विकत घेताना दिसतो आणि तोटा रोज थोडाथोडा होतो, म्हणून तो मोजलाच जात नाही.

राहिली मेट्रो. नागपूर मेट्रोच्या 43.8 किलोमीटरच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्राने डिसेंबर 2022 मध्ये मंजुरी दिली. त्यातला एक फाटा ऑटोमोटिव्ह चौकातून कन्हान नदीपर्यंत आहे. तो झाला की कामठी-कन्हानच्या लोकांचे भले होईल. पण तिथून पारशिवनी पुन्हा वेगळी वाट आहे. उद्याच्या स्टेशनावर आजच्या मुलाचे बालपण तारण ठेवू नये.

याच प्रश्नावर एक दुसरा पक्षही आहे आणि त्याचेही खंडन केले पाहिजे. 'मुख्यालयी राहा, आदेश आहे', असे तो म्हणतो. ग्रामविकास विभागाने 9 सप्टेंबर 2019 च्या निर्णयाने शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य कर्मचारी मुख्यालयी राहतात याबद्दल ग्रामसभेचा ठराव मागितला. 2022 मध्ये आमदार प्रशांत बंब यांनी शिक्षकांच्या घरभाडे भत्त्याचा विषय लावून धरला, तेव्हा राज्यभर रण पेटले. ठरावाने कागद तयार होतो, बिऱ्हाड तयार होत नाही. नुसत्या धाकाने आलेला माणूस शुक्रवारी संध्याकाळची वाट पाहत राहतो. ज्याला आपल्या घराचा फायदा पटला, तो मात्र गावाचा होतो.

तसेच 'गावची हवा शुद्ध' असे सरसकट म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. याच तालुक्यातल्या नांदगावात खापरखेडा वीजकेंद्राच्या राखेचा तलाव झाला. शेते, पाणी, श्वास या सगळ्यांवर राख बसू लागली, लोकांनी आवाज उठवला आणि फेब्रुवारी 2022 मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी गावात येऊन तिथे राख टाकणे थांबवायला सांगितले. कन्हानच्या बाजूला गोंडेगाव, इंदर या उघड्या कोळसाखाणी आहेत. तिथे टिप्परची धूळ आहे, सुरुंगांचे हादरे आहेत. तेव्हा तालुक्यात कुठेही राहा, असे मी म्हणत नाही. पाहून राहा, असे म्हणतो.

काय पाहावे? पहिले, मुलाचे पाय. शिक्षण हक्काच्या नियमांप्रमाणे महाराष्ट्रात पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असायला हवी. कायद्याने शाळेसाठी घातलेली ही मर्यादा आपण घरासाठी का घालून घेऊ नये? शाळा, दवाखाना, किराणा आणि खेळायची जागा या चार गोष्टी मूल चालत गाठू शकेल, अशी गल्ली शोधावी. दुसरे, रस्ता. खापरखेड्याकडून येणाऱ्या जड वाहनांच्या रस्त्याला लागून घर घेऊ नये. तिसरे, पाणी. नागपूरला पिण्याचे पाणी ज्या नवेगाव खैरी धरणातून जाते, ते याच तालुक्यात आहे, पण म्हणून प्रत्येक गल्लीत नळ सारखा येतो असे नाही. घर पाहायला मे महिन्यात जावे आणि शेजारच्या बाईंना विचारावे, नळ किती दिवसांनी येतो. चौथे, जंगल. पेंचला 1999 साली व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला, त्याचे कोलितमारा प्रवेशद्वार याच तालुक्यात आहे. त्या बाजूच्या वस्त्यांत मुलाला संध्याकाळी एकटे यावे लागणार असेल तर तिथे राहू नये. आणि पाचवे, माणसे. कामावरून अर्धा तास उशीर झाला तर मूल कोणाच्या ओट्यावर बसेल, याचे उत्तर मिळाले की बाकीच्या उणिवा सोसता येतात.

एकाची नोकरी पारशिवनीत आणि दुसऱ्याची नागपुरात असेल तर? तिथेही नियम तोच. ज्याच्या हातून मुलाची शाळा, जेवण, दुखणे सांभाळले जाते, त्याच्या नोकरीजवळ घर असावे. प्रवास दुसऱ्याने करावा. आजवर हा भार न विचारता बायकोवर टाकला गेला. तो कोणी उचलायचा हे आधी दोघांनी मिळून ठरवावे आणि मग घर पाहावे.

माणसे राहावीत असे वाटत असेल तर गावानेही आपली बाजू सांभाळली पाहिजे. नगर पंचायतीने भाड्याने मिळणाऱ्या दोन-तीन खोल्यांच्या स्वच्छ घरांना प्रोत्साहन द्यावे. शासनाने पडक्या निवासस्थानांच्या दुरुस्तीवर पैसा खर्च करावा. पोरांसाठी एक मैदान आणि एक वाचनालय संध्याकाळी उघडे राहावे. गावकऱ्यांनीही नव्या भाडेकरूला जात विचारून घर नाकारू नये. ठरावांपेक्षा एवढ्या गोष्टींनी जास्त बिऱ्हाडे इथे येतील.

नागपूर कुठे जात नाही. खरेदीला, नाटकाला, मोठ्या डॉक्टरकडे ते महिन्यातून चारदा गाठता येते. दहावीपर्यंतची वर्षे मात्र एकदाच मिळतात. त्या वर्षांत आईबापांनी मुलाजवळ असावे, हीच घर निवडण्याची पहिली कसोटी आहे. पारशिवनीत नोकरी करणाऱ्यांना ती पारशिवनीतच पार करता येते.