नियम प्लॅटफॉर्मला, बोजा विक्रेत्याला

सावंतवाडीत कोकमाचं आगळ आणि सरबत करून विकणारा एखादा छोटा उद्योजक डोळ्यांसमोर आणा. वर्षाची उलाढाल १८ लाख रुपये. मालाच्या विक्रीसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा ४० लाखांची, म्हणजे त्याला नोंदणीची गरज नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून असा विक्रेता नोंदणीविना ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरही माल विकू शकतो. त्याची बाटली सुमारे पाचशे किलोमीटरवरच्या मुंबईला जाईल, थेट नागपूरलाही जाईल. पण बांदा ओलांडून पेडण्याला किंवा म्हापशाला जाणार नाही. गोव्याची एकच ऑर्डर घ्यायची म्हटली तरी आधी नोंदणी, मग विवरणपत्रं आणि पहिल्या रुपयापासून कर.

दुसऱ्या राज्यात माल पाठवणाऱ्याला नोंदणी सक्तीची आहे आणि ही अट ऑनलाइन व ऑफलाइन दोघांनाही लागू आहे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पण बाजारपेठेतल्या दुकानदाराचं गिऱ्हाईक त्याच्या पायरीवर येतं, रोखीने माल घेतं, पत्ता नसलेली साधी पावती घेऊन जातं. ते गोव्याचं असलं तरी ती विक्री राज्यांतर्गतच राहते. ऑनलाइन विक्रेत्याच्या प्रत्येक पार्सलवर मात्र पत्ता असतो. म्हणून कागदावर समान दिसणारी अट प्रत्यक्षात एकाच्या वाट्याला येते. ऑनलाइन व्यापाराचा मुख्य लाभ म्हणजे दूरचं गिऱ्हाईक, आणि छोट्या विक्रेत्याला नेमकं तेच या अटीमुळे मिळत नाही.

ई-कॉमर्सचे नियम गेल्या आठ-नऊ वर्षांत किती वेळा बदलले ते आपण विवरणपत्रांच्या मुदतींतून अनुभवलं आहे. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा प्लॅटफॉर्मवरून माल विकणाऱ्या प्रत्येकाला उलाढाल न पाहता नोंदणी सक्तीची झाली. ऑक्टोबर २०१८ पासून कलम ५२ खाली १ टक्का टीसीएस सुरू झाला. जुलै २०२० मध्ये ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम आले. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम १९४-ओ खाली आणखी १ टक्का कपात सुरू झाली. जानेवारी २०२२ पासून उपाहारगृहांच्या ऑनलाइन ऑर्डरवरचा कर भरण्याची जबाबदारी प्लॅटफॉर्मवर गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये नोंदणीची सक्ती काही अंशी सुटली. २०२४ मध्ये कपातीचे दोन्ही दर उतरले. या सगळ्या बदलांत एक धागा समान आहे. जवळपास प्रत्येक नियम प्लॅटफॉर्मला उद्देशून लिहिलेला आहे आणि त्याचा बोजा करारातून, कमिशनमधून किंवा प्लॅटफॉर्मच्या सावधगिरीतून विक्रेत्यापर्यंत पोचला आहे.

जे चांगलं झालं ते आधी मोकळेपणाने मान्य करू. नोंदणीकृत विक्रेत्याने महिन्याला १ लाखाचा माल विकला तर पूर्वी टीसीएसचे १,००० आणि टीडीएसचे १,००० असे २,००० रुपये त्याच्या हाती येण्याआधीच कापले जात. टीसीएस १० जुलै २०२४ पासून अर्ध्या टक्क्यावर आणि टीडीएस १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्क्यावर आला. आता कपात ६०० रुपयांची होते. शेकडा पाच-सहा रुपये सुटणाऱ्या धंद्यात दर महिन्याला अडकणारे १,४०० रुपये मोकळे होणं ही मोठी सोय आहे. पॅन किंवा आधार दिलेल्या निवासी व्यक्तीला वर्षाच्या ५ लाखांपर्यंतच्या विक्रीवर टीडीएसमधून सूटही आहे.

ऑक्टोबर २०२३ ची सवलत मात्र बारकाईने वाचावी लागते. ती मालापुरती आहे आणि एका राज्यापुरती आहे. पॅनच्या आधारे जीएसटी पोर्टलवर नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्यालाही राज्याबाहेर विकता येत नाही. अपात्र विक्रेत्याला विकू दिलं किंवा आंतरराज्य विक्री होऊ दिली तर कलम १२२ (१ब) खाली दंड प्लॅटफॉर्मला होतो: १० हजार रुपये किंवा बुडालेल्या कराइतकी रक्कम, यांपैकी जी जास्त असेल ती. या तरतुदीचा व्यावहारिक अर्थ असा की नोंदणी नसलेला विक्रेता ही प्लॅटफॉर्मच्या दृष्टीने जोखीम ठरते. त्याची प्रत्येक ऑर्डर राज्याच्या सीमेवर तपासणारी यंत्रणा उभी करण्यापेक्षा जीएसटी क्रमांक मागणं सोपं. कायद्याने उघडलेलं दार अशा रीतीने व्यवहारात अरुंद होतं, आणि त्यासाठी कुणाला दोष देण्याऐवजी दंडाची रचनाच तपासायला हवी.

उपाहारगृहांच्या बाबतीत हाच प्रश्न वेगळ्या रूपात दिसतो. वर्षाला १५ लाखांचा धंदा करणारी खानावळ नोंदणीच्या मर्यादेखाली आहे. तिच्या गल्ल्यावर थाळी घेणाऱ्याला जीएसटी लागत नाही. तीच थाळी ॲपवरून मागवली की प्लॅटफॉर्मला त्यावर ५ टक्के कर भरावा लागतो. कर प्लॅटफॉर्म भरतो हे खरं, पण थाळी महाग होते ती खानावळीची.

ग्राहक संरक्षणाच्या नियमांकडे पाहताना आपल्यापैकी अनेकांचा एक घोटाळा होतो. माल सदोष निघाला, वर्णनाशी जुळला नाही, बनावट निघाला किंवा ठरलेल्या वेळेनंतर पोचला, तर विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही, एवढं २०२० चे नियम सांगतात. हे न्याय्य आहे. पण ‘आवडलं नाही, परत करा’ ही मुभा कायद्याने दिलेली नाही. ती प्लॅटफॉर्मने गिऱ्हाईक जोडण्यासाठी दिलेली असते आणि येण्याजाण्याचा वाहतूकखर्च करारानुसार बहुधा विक्रेत्याच्या हिशेबातून वजा होतो. अशील ‘सरकारी नियम आहे’ म्हणून निमूटपणे सोसत असतो. नियम कुठे संपतो आणि करार कुठे सुरू होतो, हे त्याला समजावून सांगणारा माणूस आपल्याशिवाय दुसरा कोणी नाही.

आणि कराराच्या बाबतीत विक्रेत्याचं संरक्षण फार तोकडं आहे. मालाची यादी कोणत्या निकषांवर वरखाली लावली जाते त्याचा खुलासा प्लॅटफॉर्मने करावा आणि विक्रेत्यांना वेगवेगळी वागणूक दिली जात असेल तर तसं सांगावं, हे आपल्या नियमांत आहे. परदेशी गुंतवणूक असलेल्या प्लॅटफॉर्मवर फेब्रुवारी २०१९ पासून मालाच्या किमतीवर प्रभाव न टाकण्याचं आणि सर्व विक्रेत्यांना सेवा समान अटींवर देण्याचं बंधनही आहे. पण कमिशनचा दर उद्यापासून वाढला किंवा खातं आज बंद झालं, तर छोट्या विक्रेत्याने लगेच कुठे जायचं याचं उत्तर या तरतुदी देत नाहीत. युरोपीय संघाने जुलै २०२० पासून लागू केलेल्या नियमात अटी बदलण्याआधी किमान १५ दिवसांची आणि सेवा पूर्ण बंद करण्याआधी, काही अपवाद सोडता, ३० दिवसांची सूचना कारणांसह देणं बंधनकारक आहे. इतकी साधी तरतूद आपल्याकडे आणायला मोठी यंत्रणा लागणार नाही.

उशिरा मिळणाऱ्या पैशांविषयीही स्पष्ट असायला हवं. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी ४५ दिवसांच्या आत द्यावीत, हा नियम आणि त्याला जोडलेलं आयकराचं कलम ४३-ब (एच) यांच्याविषयी अशील हमखास विचारतात. पण मार्केटप्लेसमध्ये माल प्लॅटफॉर्म विकत घेत नाही, ग्राहक घेतो. त्यामुळे प्लॅटफॉर्मकडे अडकलेल्या सेटलमेंटला या तरतुदीचा आधार मिळणं अवघड आहे. शिवाय निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना २०२१ मध्ये उद्यम नोंदणी खुली झाली ती अग्रक्रम कर्जापुरतीच. अशिलाला खोटा दिलासा देण्यापेक्षा त्याच्या करारातली सेटलमेंटची मुदत त्याला दाखवावी.

मग आपण काय करायचं? ऑनलाइन विक्रेत्याचं काम महिनाअखेरीच्या विवरणपत्रावर संपत नाही, हे पहिल्यांदा मान्य करावं लागेल. प्लॅटफॉर्मचा सेटलमेंट अहवाल, अशिलाची विक्री खतावणी आणि पोर्टलवर दिसणारी टीसीएसची रक्कम यांचा ताळमेळ दर महिन्याला घातला पाहिजे. प्लॅटफॉर्मने जीएसटीआर-८ भरल्यावर टीसीएसची रक्कम आपोआप वापरायला मिळत नाही. पोर्टलवर ती स्वीकारल्यावरच कॅश लेजरमध्ये जमा होते. न स्वीकारलेली रक्कम हा अशिलाचा स्वतःचा पैसा असतो. परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट पुढील आर्थिक वर्षाच्या ३० नोव्हेंबरपर्यंत विवरणपत्रात गेली नाही, तर न झालेल्या विक्रीवरचा कर विक्रेत्याच्या अंगावर राहतो. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होत असल्याने करारांत आणि प्रमाणपत्रांत छापलेले जुने कलम क्रमांकही तपासून घ्यावे लागतील.

नोंदणी घ्यावी की न घ्यावी, हा सल्ला आकडे मांडूनच द्यायला हवा. नोंदणी नसलेल्या विक्रेत्याने १ लाखाच्या विक्रीमागे २५ हजार रुपये कमिशन आणि वाहतुकीला दिले, तर त्यावरचा १८ टक्के दराने होणारा ४,५०० रुपयांचा कर त्याला परत मिळत नाही. नोंदणी घेतली तर तो वजा करता येतो, पण विक्रीवर कर लागतो. उलट माल पाच राज्यांच्या गोदामांत ठेवायचा ठरवला तर पाच नोंदण्या लागतात, आणि तिमाही योजनेतही एका नोंदणीला वर्षाची आठ या हिशेबाने चाळीस विवरणपत्रं होतात. दोन-तीन माणसांच्या धंद्याला हा व्याप झेपेल का, हे नोंदणीचा अर्ज भरण्याआधी विचारायला हवं.

जीएसटी परिषदेने सप्टेंबर २०२५ च्या ५६व्या बैठकीत या दुखण्यावर बोट ठेवलं. प्लॅटफॉर्ममार्फत अनेक राज्यांत विकणाऱ्या छोट्या पुरवठादारांना प्रत्येक राज्यात व्यवसायाचं मुख्य ठिकाण ठेवणं जड जातं हे मान्य करून सुलभ नोंदणीच्या कल्पनेला तिने तत्त्वतः मान्यता दिली. या कल्पनेची कसोटी एकाच प्रश्नावर लागेल: तिच्यामुळे एका छोट्या विक्रेत्याची किती विवरणपत्रं खरोखर कमी होतात? नोंदणीचा अर्ज सोपा झाला आणि नंतरचा व्याप तसाच राहिला, तर प्लॅटफॉर्मच्या विक्रेत्यांची यादी वाढेल, विक्रेत्याचं ओझं कमी होणार नाही. आमच्या मते ठरावीक उलाढालीपर्यंत आंतरराज्य ऑनलाइन विक्रीलाही नोंदणीतून सूट मिळावी, आणि तिचा पाठपुरावा करणारा दंड पहिल्या चुकीवर प्लॅटफॉर्मला विक्रेता वगळायला भाग पाडणारा नसावा.

ही मागणी नुसत्या भावनेवर टिकणार नाही. तिला आकड्यांचा आधार लागेल आणि ते आकडे आपल्या कपाटांत आहेत. प्रत्येक सल्लागाराने आपल्या ऑनलाइन विक्रेत्यांची उलाढाल, नोंदण्यांची संख्या, अनुपालनाचा वार्षिक खर्च आणि अडकलेली रक्कम यांचा तक्ता, अशिलांची नावं वगळून, तयार करावा. जिल्ह्याच्या करसल्लागार संघटनेने तो एकत्र करून राज्याच्या अर्थखात्याकडे द्यावा. परिषदेत एक तृतीयांश मत केंद्राचं आणि दोन तृतीयांश सगळ्या राज्यांचं मिळून आहे. निर्णयाला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे राज्यांच्या पाठिंब्याशिवाय नियम बदलत नाही. महाराष्ट्राच्या आणि गोव्याच्या प्रतिनिधींनी या प्रश्नावर एकत्र बोलावं असं वाटत असेल, तर पुढच्या बैठकीआधी त्यांच्या टेबलावर आपले आकडे पोचले पाहिजेत.