लोंबकळत्या चाकांवर आवळलेले बोल्ट

बाजारातले नवे शॉकअप आणि स्प्रिंगा मागे बसवून गाडी गॅरेजमधून बाहेर पडते आणि दोन दिवसांत पुन्हा दारात येऊन उभी राहते. तक्रार ठरलेली असते: चाक खड्ड्यात गेले की डिक्कीखालून ‘ठक्’. निदानही बहुधा ठरलेलेच असते: माल लोकल निघाला. मग दुकानदाराशी हुज्जत, जोडी बदलून आणणे, पुन्हा तीच खोलाखोल आणि अनेकदा पुन्हा तोच आवाज. दुसऱ्या जोडीलाही आवाज येत असेल, तर दोन्ही जोड्या नेमक्या एकाच जागी सदोष निघाल्या असे मानण्याआधी दोन्ही वेळा समान काय होते ते पाहायला हवे. समान असते ती बसवणूक. मागच्या बाजूचा नवा आवाज बहुतेक वेळा सुट्या भागातून येत नाही, तो आपण हात लावलेल्या सांध्यातून येतो. आणि तो सापडत नाही, कारण चाके लोंबकळत ठेवूनच आपण बोल्ट आवळतो आणि चाके लोंबकळत ठेवूनच दोष शोधतो.

शॉकअपच्या खालच्या डोळ्यात, ट्रेलिंग आर्मच्या टोकाला किंवा ट्विस्ट बीमच्या पुढच्या कानात जो रबरी बुश असतो तो बेअरिंगसारखा फिरत नाही, पिळला जातो. त्याची आतली लोखंडी नळी बोल्टच्या दाबाने ब्रॅकेटच्या दोन गालांत घट्ट धरलेली असते, बाहेरची नळी आर्मबरोबर हलते आणि दोन्हींना चिकटवलेले मधले रबर तो फरक सोसते. गाडी चाकांवर उभी असताना रबरात पीळ नसावा, हे गृहीत धरूनच सांधा बेतलेला असतो. दोन खांबी लिफ्टवर चाके पूर्ण खाली लटकलेली असताना बोल्ट आवळला, की बुशची ‘सरळ’ अवस्था तिथेच ठरून जाते. गाडी खाली उतरताच रबर पिळून ठेवलेल्या फडक्यासारखे ताणात राहते आणि गतिरोधकावर त्यात आणखी पीळ भरतो. बोल्टचा दाब पुरेसा असेल तर रबर हळूहळू चिरते. अपुरा असेल तर आतली नळी ब्रॅकेटच्या गालावर घसरते, आणि प्रत्येक घसरणीला एक ‘टक्’ होते. याची खूण डोळ्यांना दिसते. बोल्ट काढून गालाची आतली बाजू पुसली, तर गंजट पत्र्यावर घासून चकचकीत झालेला अर्धगोल पट्टा दिसतो, आणि वॉशरच्या कडेला तांबूस पूड बसलेली असते. हा पट्टा दिसला की नव्या शॉकअपवर खापर फोडायची गरज उरत नाही. टोयोटाच्या दुरुस्ती पुस्तिकांत अंतिम आवळणीआधी गाडी जमिनीवर ठेवून वर-खाली दाबून सस्पेन्शन स्थिर करायला सांगितलेले असते. ती ओळ वाचायचा कंटाळा नेमका या पट्ट्यात दिसतो.

वरच्या टोकाची गोष्ट वेगळी आणि जास्त फसवी. अनेक हॅचबॅकमध्ये शॉकअपचा रॉड बॉडीच्या पत्र्यातून वर येतो. पत्र्याच्या वर एक आणि खाली एक असे दोन रबरी बुश, त्यांना कवटाळणारे खोलगट वॉशर आणि मध्ये छोटी नळी असा तो जोड असतो. नव्या किटमधली नळी मूळ नळीपेक्षा लांब असेल, किंवा रॉडवरचे आटे अलीकडेच संपत असतील, तर नट पूर्ण आवळला जातो, पान्याला दादही देत नाही, पण बुश दबलेलाच नसतो. नट कसला म्हणजे बुश धरला असे नाही, ही एवढी गोष्ट ध्यानात घेतली तर कितीतरी परतफेऱ्या वाचतील. इम्पॅक्ट गन इथे उलट घोळ घालते: रॉड नटाबरोबर गरगर फिरतो, आतले सील दुखावते आणि आवळणी झाल्याचा भास होतो. तपासणी साधी आहे. डिक्कीचे अस्तर बाजूला करून एक बोट पत्र्यावर आणि एक वॉशरवर टेकवावे, दुसऱ्याने मागचा बंपर दाबून सोडावा. सैल जोडाचा ठोका कानाआधी बोटाला लागतो.

आवाज कधी येतो हे नीट विचारल्याशिवाय पाना हाती घेऊ नये. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. गल्लीबोळातले गतिरोधक या मापाला फारसे जुमानत नाहीत, पण निदानाला तेच बरे. चढताना आवाज आला तर स्प्रिंगची बैठक, बंप स्टॉप, सायलेन्सरचा पाइप यांच्याकडे पाहावे. उतरताना, म्हणजे चाक खाली सुटताना आला, तर शॉकअपचे जोड आणि त्याची लांबी. हुबळी-धारवाड परिसरात ट्रायलसाठी वेगळा ट्रॅक शोधायला नको. नवलगुंदच्या बाजूला काळ्या मातीवरचे रस्ते पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात खचतात. त्यांच्या लांब लाटांवर सस्पेन्शनची मोठी हालचाल होते. बारीक, जलद हादऱ्यांसाठी रस्त्यावर आडव्या मारलेल्या पांढऱ्या जाड पट्ट्या आहेतच. फक्त पट्ट्यांवर खडखड आणि लाटांवर शांतता असेल तर वरचा बुश किंवा अँटिरोल बारची लिंक. उलट असेल तर स्प्रिंग जागेवरून सुटून बसते आहे का, ते बघावे. अर्थात या सगळ्याआधी डिक्की रिकामी करावी. जॅक, स्टेपनीची पकड आणि नंतर बसवलेल्या सीएनजी टाकीचे पट्टे यांनी बिचाऱ्या शॉकअपवर फार आळ आणले आहेत.

एक आक्षेप वरवर बिनतोड वाटतो: जुना शॉकअप होता तेव्हा आवाज नव्हता, नवा घातल्यावर आला, मग दोष नव्यातच. पण सामान्य मोटारीच्या शॉकअपचा रिबाउंडचा विरोध दाबाच्या विरोधाच्या दुप्पट-तिप्पट असतो, आणि थकलेल्या शॉकअपमध्ये तो जवळजवळ उरलेलाच नसतो. नवा शॉकअप चाक खाली सुटताना जोडांना जोरात ओढतो. बुशमधली जी ढिलाई कालपर्यंत गप्प होती ती आज ठोका देते. आवाज नव्याने आला, दोष मात्र जुनाच होता. म्हणून शॉकअप बदलायच्या कामात ट्रेलिंग आर्मचे आणि बीमचे बुश पहारीने हलवून पाहणे, आणि जे सापडेल ते गिऱ्हाइकाला आधी सांगणे, हाही कामाचाच भाग धरावा. नंतर सांगितले की ती सबब वाटते.

दुसरा आक्षेप खरा आहे: बाजारात बनावट माल आहे, आणि चांगल्या नावाच्या खोक्यातही तो मिळतो. पण तो ओळखायचा तर बसवण्याआधी. ट्विन-ट्यूब शॉकअप दुकानात आडवा पडलेला असतो, त्यामुळे हवा किंवा गॅस आतल्या नळीत शिरलेला असू शकतो. उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून ओढल्यावरही दिशा बदलताना हाताला पोकळ झटका लागत असेल, तर ती जोडी परत करावी. जुना आणि नवा शेजारी ठेवून पूर्ण उघडी लांबी मोजावी. उंची वाढवणाऱ्या स्प्रिंगांबरोबर मूळ लांबीचेच शॉकअप ठेवले, तर उतरताना शॉकअप आतून टोकाला आदळतो. त्या धातूच्या ठोक्यावर कोणताही बुश उपाय नाही. पॅनहार्ड रॉड असलेल्या गाडीची उंची वाढली की ॲक्सल एका बाजूला सरकतो, त्याचाही हिशेब ठेवावा. (उंची वाढवण्याचे काम घेणाऱ्यांनी मूळ नमुन्यापासून फारकत घेणाऱ्या बदलांविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल वाचलेला बरा; गिऱ्हाईक तो वाचत नाही.) बोलेरोसारख्या पाट्यांच्या गाडीत नियम आणखी सोपा: जादा पान घातले असेल तर यू-बोल्ट पहिल्या काही शे किलोमीटरनंतर पुन्हा आवळले पाहिजेत, कारण पाने एकमेकांत बसतात आणि बोल्टचा ताण उतरतो. गाडी सुटताना आणि ब्रेक लावताना येणारा ‘गदक्’ पुष्कळदा तिथलाच असतो.

उरतो वेळेचा मुद्दा. चाकांवर उभी करून आवळायचे तर चार खांबी लिफ्ट किंवा पिट हवा, टॉर्क पाना हवा, आणि एका कामाला एवढा वेळ द्यायला परवडत नाही, असे म्हटले जाते. लिफ्ट नसली तरी चालते. मागचा ॲक्सल किंवा बीम जॅकवर घेऊन, गाडी स्टँडवरून जेमतेम उचलू लागेपर्यंत चढवला, तरी चाकांवर उभी असतानाच्या उंचीच्या पुरेसे जवळ जाता येते. टॉर्क पाना तर एका परतफेरीच्या मजुरीत वसूल होतो. परतफेरीचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. जोडी उतरवणे, दुकानात जाणे, पुन्हा चढवणे, ट्रायल, आणि एवढे करून बिलात शून्य. नवे काम घेताना जॉब कार्डवर बोल्ट कोणत्या स्थितीत आवळले ते लिहावे, नटांवर रंगाची रेघ मारावी आणि पाचशे किलोमीटरनंतरची फेरतपासणी बिलात आधीच धरावी. जुने वॉशर आणि नळ्या त्या तपासणीपर्यंत फेकू नयेत. किटमधल्या नळीची लांबी चुकलेली असेल, तर बहुधा तीच जुनी नळी कामाला येते.