पदवीधर कारखान्यात, पण कोणत्या खात्यात?

पदवीधर तरुणांना कारखान्यांत पाठवा, तेथे त्यांचे कौशल्य वाढेल आणि देशाचा उद्योग जगाच्या स्पर्धेत टिकेल, असे सरकार आणि उद्योगपती एका सुरात सांगत आहेत. केंद्र सरकारने २०२४ च्या अर्थसंकल्पात ५०० बड्या कंपन्यांमधून पाच वर्षांत एक कोटी तरुणांना इंटर्नशिप देण्याची घोषणा केली. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन आणि मुदत सहा महिने. पुढे ही मुदत पाच महिन्यांनी वाढविण्यात आली. पण पुढे काय, याचे उत्तर न मिळाल्याने या प्रशिक्षणार्थींना आंदोलन करावे लागले. जरीपटका, इंदोरा भागातून हिंगणा आणि बुटीबोरीच्या एमआयडीसीकडे डोळे लावून बसलेल्या आपल्या पदवीधर मुलामुलींनी या योजनांकडे कसे पाहावे?

आपला विरोध प्रशिक्षणाला असूच शकत नाही. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. युद्धकाळातील तांत्रिक प्रशिक्षणाचे काम त्यांच्याच खात्याकडे होते आणि सेवायोजन कार्यालयांचा पायाही त्याच काळात घातला गेला. हातात हुन्नर असलेला कामगार मालकापुढे ताठ मानेने उभा राहतो, हे बाबासाहेब जाणून होते.

परंतु बाबासाहेबांनी दुसरीही एक गोष्ट पाहिली होती. मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगारांना प्रवेश होता, मात्र जेथे मजुरी जास्त त्या विणकाम खात्याचे दार त्यांना बंद होते. धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे आणि त्यामुळे इतरांना विटाळ होतो, हे कारण सांगितले जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. कारखान्याच्या फाटकातून आत जाणे वेगळे आणि कौशल्याच्या खात्यात जाणे वेगळे, हा त्या लढ्याचा धडा आहे.

आजच्या प्रशिक्षणालाही हीच कसोटी लावली पाहिजे. मेकॅनिकलच्या पदवीधराला वर्षभर पॅकिंगला किंवा स्टोअरमध्ये माल मोजायला उभे केले, तर तो काय शिकणार? सीएनसी मशीनचा प्रोग्राम, मेंटेनन्स, क्वालिटी, डिझाइन ही खाती त्याने पाहिलीच नाहीत, तर वर्षाअखेरीस त्याच्या हाती प्रमाणपत्राचा कागद तेवढा राहतो. मालकाला स्वस्तात एक माणूस मिळतो आणि पुढच्या वर्षी दुसरा मिळतो. यातून उद्योगाची स्पर्धाशक्तीही वाढत नाही. कारखाना स्पर्धेत टिकतो तो माल कमी बाद झाल्याने आणि मशीन कमी वेळ बंद राहिल्याने. त्यासाठी मुरलेला माणूस लागतो. दरवर्षी हात बदलणाऱ्या कारखान्यात असा माणूस तयारच होत नाही.

वकिली पेशातला माणूस म्हणून एक मुद्दा आग्रहाने सांगतो. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही, असे आपण वर्षानुवर्षे ऐकतो आणि बोलतोही. नोकरीपुरते ते खरे आहे, प्रशिक्षणापुरते नाही! शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ मध्ये १९७३ साली दुरुस्ती झाली. पदवीधर अभियंते त्याच दुरुस्तीने या कायद्याच्या कक्षेत आले आणि कलम ३-अ घालण्यात आले. प्रत्येक निर्दिष्ट व्यवसायात अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवणे या कलमाने मालकावर बंधनकारक केले. हा मालक सरकारीच असला पाहिजे, असे कायदा म्हणत नाही. २००७ च्या दुरुस्तीने ओबीसींसाठीही तशीच तरतूद झाली. आपल्यापैकी किती जणांनी हे कलम वाचले आहे? किती संघटनांनी त्याचा हिशेब मागितला आहे?

हे कलम किती गरजेचे आहे हे विदर्भाचेच सुपुत्र डॉ. सुखदेव थोरात यांनी पॉल अॅटवेल यांच्यासोबत २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठविले, फरक फक्त आडनावाचा ठेवला. दलित आडनावाच्या अर्जांना बोलावणे कमी आले. गुणवत्तेचा डांगोरा पिटणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

उलट कायद्याचे दात मात्र पाडले गेले. २०१४ च्या दुरुस्तीने जागा न भरणाऱ्या मालकाची कैदेची शिक्षा गेली आणि महिन्याला ५०० ते १,००० रुपयांचा दंड आला. आता केंद्राची आणि राज्याची नवी योजना १९६१ च्या कायद्याच्या चौकटीबाहेर काढली आहे. म्हणजे कलम ३-अ तेथे आपोआप लागू होत नाही. कायद्याने दिलेला हक्क बाजूला पडतो आणि शासनाची मेहेरबानी उरते.

तेव्हा कार्यकर्त्यांनी काय करावे? उमेदवाराने करार नोंदविलेला आहे की नाही हे पहिल्याच महिन्यात तपासावे. प्रत्येक उमेदवाराच्या प्रगतीची नोंद ठेवणे कलम १९ ने मालकावर बंधनकारक केले आहे. आपण कोणत्या खात्यात किती दिवस होतो, हे उमेदवाराने स्वतःच्या वहीतही लिहावे. कामावर इजा झाल्यास भरपाईचा हक्क कलम १६ देते. वाद शिकाऊ उमेदवारी सल्लागाराकडे नेता येतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेश परिवहन महामंडळाच्या प्रकरणात, इतर बाबी समान असतील तर प्रशिक्षित उमेदवाराला थेट भरतीपेक्षा प्राधान्य द्यावे, असे म्हटले आहे. तो निकाल अर्जासोबत जोडावा.

संघटनांनी माहितीच्या अधिकारात हिंगणा, बुटीबोरी आणि मिहानमधील कंपन्यांचा कंपनीनिहाय व प्रवर्गनिहाय आकडा मागावा. नव्या योजनांना कलम ३-अ लावा, ही मागणी प्रत्येक आमदार-खासदाराच्या टेबलावर पोहोचली पाहिजे. विहारात जमणाऱ्या तरुणांना हा कायदा समजावून सांगण्यासाठी एक रविवार पुरेसा आहे. गिरणीतले विणकाम खाते कोणी आपणहून उघडून दिले नव्हते. आजची खातीही मागितल्याशिवाय उघडणार नाहीत.