क्रेनला प्रमाणपत्र, फोर्कलिफ्टला रंगाचा हात

4 मार्चचा सुरक्षा दिन जवळ आला म्हणून चाकणमधल्या एका कारखान्यात या आठवड्यात फोर्कलिफ्ट रंगवली. अंगाला पिवळा, मास्टला काळा. रंगाऱ्याने क्षमतेची पाटीही रंगवून टाकली. किती वजन, किती लोड सेंटरला, किती उंचीपर्यंत उचलायचं, हे ज्या पाटीवर लिहिलेलं असतं ती आता कोरी पिवळी आहे. शपथ झाली, बिल्ले लागले, फोटो निघाले. ती पाटी खरवडायला कोणी गेलं नाही. मला याचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

त्याच शेडमध्ये वर ईओटी क्रेन आहे. तिच्या गर्डरवर सुरक्षित भार दुरूनही वाचता येईल एवढ्या अक्षरांत रंगवलाय. तिचं वर्षाचं प्रमाणपत्र फाइलमध्ये आहे. ती कोणी चालवायची त्यांची नावं ठरलेली आहेत. ही शिस्त कारखानदारांच्या मनातून उगवलेली नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 29 ने ती लावली. क्रेन असो वा विंच, उचलणाऱ्या यंत्राची बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी व्हायलाच हवी, असं ते कलम सांगत आलं. त्यातल्या व्याख्येत क्रेन, विंच, पुली ब्लॉक अशी नावं होती, फोर्कलिफ्टचं नाव नव्हतं. चांगले कारखाने तरीही तपासणी करून घेतात. बाकीच्यांना ते नाव नसणं सोयीचं पडलं.

आता या दोघींचं काम बघा. क्रेन तिच्या रुळांवरून जाते आणि भोंगा वाजला की खालची माणसं बाजूला होतात. फोर्कलिफ्ट त्याच माणसांमधून वाट काढते. ती मागच्या चाकांनी वळते, त्यामुळे वळताना शेपूट बाहेर फेकली जाते, आणि पुढचं तर पॅलेटमुळे दिसतच नाही. वजन पाटीवरच्या आकड्यापेक्षा जास्त झालं की मागची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग सुटतं. अशा वेळी मागे दोन माणसं उभी करून तोल साधणारे सुपरवायझर मी पाहिलेत. जास्त धोका जिच्यात, तिच्यावर कमी लक्ष, हे मला पटत नाही.

फोर्क घ्या. तो सर्वांत जास्त झिजतो हीलला, म्हणजे उभा भाग आडव्याला मिळतो तिथे, कारण जमिनीला घासत फोर्क घालायची सवय. मूळ जाडी 50 मिलिमीटर असेल तर हीलला 45 उरल्यावर तो फोर्क काढायचा. पाचच मिलिमीटर कमी झाले असं वाटेल. पण वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून झीज 10 टक्के झाली की ताकद सुमारे 20 टक्क्यांनी घटते. तीन टनांचं मशीन तेव्हा तीन टनांचं राहिलेलं नसतं आणि डोळ्यांना काही दिसत नाही. हे कॅलिपरच सांगतो. तडा दिसला तर कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून वेल्डिंग मारून आणतात. फोर्क उष्णता देऊन कडक केलेल्या पोलादाचा असतो, तिथे वेल्डिंग नकोच. जोडीच बदला.

चेनचंही तेच. नवी असताना जेवढी लांबी 300 मिलिमीटर होती तेवढ्याच कड्या 309 भरल्या, की 3 टक्के ताणली, काढा. पुलीवरून जी बाजू फिरते तीच मोजायची. वरून फासलेलं ग्रीस पिनेपर्यंत पोहोचत नाही, उलट धूळ धरतं. चेनला पातळ तेल लागतं. ब्रेक, हॉर्न, टायर, हायड्रॉलिकची गळती हे पाळी सुरू होण्याआधी दहा मिनिटांत होतं. फक्त गळती शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठा धरा. दाबाखालचं तेल बारीक छिद्रातून सुटलं तर कातडीतून आत घुसतं.

या रोजच्या तपासणीच्या रजिस्टरवर मी पूर्वी लिहिलंय, तरी पुन्हा लिहितो. महिनाभराच्या खुणा एकाच पेनाने, एकाच बैठकीत केलेल्या असतात. याचं मूळ मला ठेकेदारीतच दिसतं. ऑपरेटर एका ठेकेदाराचा, दुरुस्ती दुसऱ्याची, मशीन भाड्याचं. बरं, करारातल्या भेटी तीन महिन्यांनी. बऱ्याच डिझेल मशीनची सर्व्हिस 250 तासांची असते. तीन पाळ्यांत मशीन रोज 15 तास चाललं तर ते सतराव्या दिवशी भरतात. अवर मीटर समोर असतो, बघायचं कोणी हे ठरलेलं नसतं. क्रेन मात्र कारखान्याची स्वतःची असते, म्हणून तिला धनी असतो. ज्यांना हे ठेकेदारांवर अन्यायाचं वाटेल त्यांनी चुकीचं दाखवून द्यावं, पण आधी आपल्याच शेडमधली चावी रात्री कुठे असते ते बघून यावं. ती मशीनलाच लटकलेली सापडेल.

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला माझी विनंती आहे: वार्षिक तपासणीच्या यादीत फोर्कलिफ्ट हा शब्द स्पष्ट लिहा, फोर्क आणि चेनची मापं प्रमाणपत्रावर मागा. आणि मेंटेनन्स सांभाळणाऱ्या वाचकांनो, त्यासाठी थांबू नका. उद्याच्या पहिल्या पाळीला कॅलिपर घेऊन खाली उतरा, दोन्ही फोर्कची हील मोजा, पाटीवरचा रंग खरवडून काढा.