एलएफटी नॉर्मल, पण शिरांचे काय?

यकृत प्रत्यारोपण झालेले मूल दोन वर्षांनी तपासणीला येते. कावीळ नाही, एसजीपीटी नॉर्मल, टॅक्रोलिमसची पातळी योग्य. आईबाप समाधानाने घरी जातात. त्याच फाइलमध्ये प्लेटलेट्स दर खेपेला थोड्या थोड्या उतरत गेल्या आहेत, हे मात्र कोणी ओळीने वाचलेले नसते.

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेन आणते. प्रत्यारोपणात केलेला तिचा जोड हळूहळू अरुंद झाला, तरी हिपॅटिक आर्टरी शाबूत असल्यास पेशी तग धरतात आणि एन्झाइम्स वाढत नाहीत. वाढतो तो पोर्टल दाब. प्लीहा मोठी होते, प्लेटलेट्स घसरतात. काही मुलांत पहिली तक्रारच रक्ताची उलटी असते. बिलिअरी ॲट्रेशियात पोर्टल व्हेन मुळातच बारीक, त्यात मूल वाढते आणि जोड वाढेलच असे नाही. टाक्याची गाठ शिरेच्या भिंतीपासून थोडी दूर बांधून जोडाला फुलायला वाव ठेवावा, हे यकृत प्रत्यारोपण करणारे शल्यविशारद स्टार्झल यांच्या गटाने १९८४ मध्येच मांडले होते. तरीही अरुंदपणा येतो.

हिपॅटिक व्हेनचा अडथळा निराळा दिसतो: जलोदर, वाढलेले यकृत, कधी पायांवर सूज. डॉप्लरमधली सपाट लहर संशय वाढवते, पण तेवढ्यावर निदान करू नये. जोडाच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजल्यावरच खात्री होते.

अरुंदपणा वेळेत सापडला, तर बहुतेकदा फुग्याने जोड रुंद करता येतो, गरजेनुसार पुन्हाही. वाढत्या मुलात स्टेंट घालणे शक्यतो पुढे ढकलावे. पण पोर्टल व्हेन पूर्ण बंद होऊन भोवती कॅव्हर्नोमा तयार झाला, की तार पलीकडे नेणेच कठीण होते. ही संधी हातची जाते, याचे मला फार वाईट वाटते, कारण प्लेटलेट्सची तपासणी तर साध्या सीबीसीत होते.

पुण्या-मुंबईत शस्त्रक्रिया झालेले मूल नांदेडला, जळगावला तुमच्यासारख्या फिजिशियनकडेच येणार. प्रत्येक भेटीत प्लीहा हाताने तपासा, प्लेटलेट्स मागच्या आकड्यांशेजारी लिहा. प्रत्यारोपण करणाऱ्या सहकाऱ्यांना आग्रहाची विनंती: कोणती शीर कशाला जोडली, मध्ये कलम वापरले का, शेवटच्या डॉप्लरमध्ये वेग किती होता, हे डिस्चार्ज कार्डावर लिहा. ते नसेल तर फिजिशियनने फोन करून मागवावे आणि सोनोलॉजिस्टच्या चिठ्ठीवर उतरवावे. नुसते ‘यूएसजी ॲबडोमेन’ लिहून पाठवल्यास जोडाकडे कोणी पाहणार नाही.