उरलेले किती?

2016 साली यूपीआय आलं आणि बघता बघता भाजीच्या गाडीवरही क्यूआर कोड लटकला. सुट्या पैशांची कटकट मिटली, हे फार चांगलं झालं. पण मुलांच्या हातातला हिशेबही तिच्याबरोबर सुटत चाललाय, याची मला मनापासून काळजी वाटते.

पन्नासची नोट मुठीत घट्ट धरून गेलेलं पोर वाण्यासमोर बोटं मोजायचं. अठ्ठेचाळीसचं सामान, राहिले दोन. सुटे नसले की वाणी चॉकलेट टेकवायचा. ते घ्यायचं की पैसेच मागायचे, हे पोरानंच ठरवायचं. घासाघीस, भीड, हक्क, सगळं त्या फळीपुढे शिकायला मिळायचं!

आमच्या धाकटीला वाटतं, पैसे दुकानातल्या त्या बोलणाऱ्या डब्यातच तयार होतात. ‘पन्नास रुपये प्राप्त झाले’ ऐकलं की ती टाळ्या पिटते. फार गोड दिसते. पण आमच्या खात्यातून पन्नास गेले, हे तिला कुठे दिसतं?

म्हणून आमच्याकडे कोथिंबीर-मिरच्या आता रोखीनं येतात, आणि त्या तीच आणते. उरलेले सुटे तिचे. या अंकात मुलं आणि पैसा या विषयाला मुद्दाम जास्त पानं दिली आहेत. तुमच्या घरची रीत जरूर कळवा.