मोबाईल बंद करून सराव घ्या, मग सांगा यशस्वी झाला की नाही

'सागर कवच' झालं की दुसऱ्या दिवशी आम्हा पत्रकारांकडे फोटो येतात. बोटीवर उभे पोलीस, नाक्यावर उघडलेल्या गाड्यांच्या डिक्या, आणि खाली 'सराव यशस्वी'. इतक्या वर्षांत 'सराव फसला, अमुक ठिकाणी फसला' असं एकही पत्रक माझ्या हातात पडलेलं नाही.

हा सराव उगाच सुरू झालेला नाही. १९९३ साली आरडीएक्स श्रीवर्धनच्या शेखाडीला उतरलं, २००८ साली कसाब आणि टोळी समुद्रातूनच मुंबईत शिरली. म्हणून सरावात एक गट हल्लेखोर होऊन किनाऱ्यावर घुसायला बघतो. नौदल, तटरक्षक दल, पोलीस, कस्टम्स त्याला अडवतात. कल्पना उत्तम. पण एकदा मी जेटीवर उभा असताना 'हल्लेखोरां'ची बोट दिसायच्या अर्धा तास आधी तिची खबर व्हॉट्सअॅपवर फिरत होती. कुठली जेटी, कुठलं खातं, ते सोडा.

माझं भांडण त्या मोबाईलशी आहे. ३ जून २०२०, निसर्ग वादळ: दापोली-मंडणगडात वीज गेली, नेटवर्क गेलं, नातेवाईकांची खुशाली कळायला दिवस लागले. २२ जुलै २०२१, चिपळूण: पाणी चढत होतं आणि फोन लागत नव्हते. ज्या दिवशी गरज पडते त्याच दिवशी जी वस्तू बंद पडते, तिच्या भरवशावर आपण तालीम करतो!

लष्करात हे कसं करतात ते बघा. अधिकाऱ्यांचा सराव असतो तेव्हा शेकडो जवान मैदानात पळवावेच लागतात असं नाही. अधिकारी तंबूत, समोर नकाशा आणि रेडिओ संच. त्याच्या तुकड्या असतात दुसऱ्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर. तिथं बसलेली माणसं रेडिओवरून कळवतात की पूल तुटला, डिझेल संपलं, शत्रू डावीकडून आला. साहेबाला पडदा दिसत नाही. रेडिओवर जेवढं ऐकू आलं तेवढंच त्याचं जग. मध्येच एखादा संच मुद्दाम बंद करतात. आता चालव लढाई! एका नेटवर एका वेळी एकच बोलणार, बाकीचे ऐकणार, ही शिस्त अशी घोटून अंगात उतरते.

आणि सगळं रेकॉर्ड होतं. अमेरिकेनं १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या फोर्ट आयर्विनला हीच पद्धत मैदानात नेली. बंदुकांवर लेझर लावले, कोण कुठे 'मेला' त्याची नोंद ठेवली आणि लढाईनंतर सगळ्यांना एकत्र बसवलं. तिथं कनिष्ठ माणूसही वरिष्ठाला तोंडावर सांगतो, साहेब, तुमचा निरोप उशिरा आला. आपल्याकडे असं कोण सांगेल?

कुणी म्हणेल, हे लष्कराचे लाड, जिल्ह्याला कसे परवडणार? अहो, पोलिसांचा बिनतारी संदेश विभाग आहेच. समुद्रात व्हीएचएफचा १६ नंबरचा चॅनेल संकटासाठी जगभर राखलेला आहे. कॉम्प्युटर तर प्रत्येक कार्यालयात. चिपळूणचा तो दिवस त्यावर पुन्हा मांडा: वाशिष्ठी फुगलेली, वरून कोळकेवाडीचं पाणी, खालून भरती. मोबाईल एका पेटीत ठेवा, आणि तहसीलदारांना फक्त रेडिओवरून लोक हलवायला सांगा. किती मिनिटं लागली ते लिहून काढा.

फक्त त्या खोलीत मिरकरवाड्याचे, हर्णैचे तांडेलही बसवा. खाडीच्या तोंडावर यंदा गाळ कुठे आलाय आणि कुठल्या भरतीला बोट आत येईल, हे त्यांना कॉम्प्युटरपेक्षा जास्त कळतं. चुकीची माहिती भरली तर यंत्र चुकीचंच उत्तर देणार, तेही ऐटीत.

'सुरक्षेची बाब आहे, उणिवा जाहीर करता येत नाहीत,' हे नेहमीचं उत्तर मला पाठ आहे. फ्रिक्वेन्सी नका सांगू, गस्तीच्या वेळा नका सांगू. पण निरोप रत्नागिरीहून दाभोळला पोचायला किती वेळ लागला, एवढं कळलं तर कुठल्या शत्रूचं भलं होणार आहे?

७ मे २०२५ ला देशभर युद्धसज्जतेची मॉक ड्रिल झाली, तिच्या यादीत रत्नागिरी होतं. म्हणजे दिल्लीच्या हिशेबातही आपला जिल्हा आहे. तेव्हा पुढच्या सरावाला बोलावलंत तर येईन, पण फोटो नकोत. रेडिओची नोंदवही दाखवा.